एका गुणाची खुर्ची

सरकारी कारकुनाच्या परीक्षेत सत्तेचाळिसावा प्रश्न रेल्वेगाडीचा होता. गाडी एकशे ऐंशी मीटर लांब, वेग ताशी चोपन्न किलोमीटर; दोनशे सत्तर मीटरचा फलाट पूर्ण ओलांडायला तिला किती वेळ लागेल? शिंप्याच्या मुलीने तीस सेकंदांवर खूण केली. परीक्षा मंडळाने बरोबर उत्तर छापलं अठरा. ती एका गुणाने यादीबाहेर राहिली.

मशीनवरून मान वर न करता वडील म्हणाले, "म्हणजे इंजिन तेवढं फलाटाबाहेर पडलं. मागचे डबे काय वाऱ्यावर सोडले त्यांनी?"

तक्रारअर्जाला उत्तर आलं नाही. सरकारी नोकरीतले तंटे नेहमीच्या कोर्टात नाही, न्यायाधिकरणात चालतात, हे कळायलाच चार महिने गेले. मग तारखांवर तारखा. कधी सदस्य रजेवर, कधी खात्याचा वकील कागद विसरलेला. ती घरी शिकवण्या घेत राहिली. अशी साडेपाच वर्षं गेली.

सुनावणीच्या शेवटच्या दिवशी न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी स्वतःच कागदावर गणित मांडलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"उत्तर तीसच," ते म्हणाले. "यादी सुधारा, अर्जदाराला नेमणूक द्या." मग चष्मा पुसून त्यांनी पुढचं वाचलं. जागा वाढवता येत नाही, म्हणून यादीतल्या शेवटच्या उमेदवाराची नेमणूक रद्द.

ती उमेदवार मागच्या बाकावर बसली होती. कागदोपत्री 'प्रतिवादी क्रमांक तीन'. शिंप्याच्या मुलीने तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. जिन्यात गाठून ती म्हणाली, "अहो, मला नोकरी हवी होती. तुमची नको होती."

"कळतंय मला." बाई कठड्याला टेकली. "खरं सांगू? मला ते गणित येतच नव्हतं. डोळे मिटून खूण केली होती. बरोबर आली म्हणून घरभर नाचले होते." ती हसायला गेली, पण हसू फुटलं नाही. "एवढी वर्षं मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या. आता त्याही देता येत नाहीत."

पुढच्या महिन्यात त्याच बाईने तिच्या हाती कामाचा ताबा दिला. कुठल्या कपाटाचं दार जोर लावून ओढावं लागतं, कुठला शिक्का कुठे, सगळं दाखवलं. "मोठ्या साहेबांपुढे कागद सकाळीच ठेवा, जेवणानंतर ते कुणाचं ऐकत नाहीत." पाच वाजता तिने आपला कप पिशवीत टाकला. तिला निरोप द्यायला सगळं ऑफिस दारापर्यंत गेलं. नव्या बाईशी कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर ती भिंतीला टेकून रडली.

"जिंकलीस ना पोरी? मग रडतेस कशाला?" वडिलांनी विचारलं. ते मशीन थांबवून नुसते तिच्याजवळ बसून राहिले.

त्या बाईला दुसरीकडे कुठेतरी सामावून घ्या, असा अर्ज तिने खात्याला केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं, 'तशी तरतूद नाही.' निदान आपण प्रयत्न केला हे त्या बाईला कळावं, म्हणून एका रविवारी ती तो कागद घेऊन बाईच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं.

"सोडून गेले ते लोक," शेजारीण म्हणाली. "पत्ता काही ठेवला नाही. तुम्ही त्यांच्या कोण?"

"त्यांच्याच ऑफिसातली," एवढंच म्हणून ती जिना उतरली.