माढरीचा मुलगा

गिरिधररावांचा हात नाण्याकडे सरकताच प्रभावतीबाईंनी त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली.

"बघून झालं ना? चहा घ्या, निवून राह्यलाय."

गिरिधरराव जालन्याहून शहागडला आले होते ते काही चहासाठी नव्हे. जुन्या नाण्यांच्या शौकिनांत त्यांचा मोठा दबदबा, आणि तो सारा एका सातवाहन नाण्यावर उभा. सोंड उचललेला हत्ती. तसं दुसरं नाणं म्हणे जगात नाही. नदीकाठची माती चाळणाऱ्या चांगुणाबाईनं गेल्या उन्हाळ्यात आपल्या लेकरांना शाळेत शिकवलेल्या या निवृत्त प्रभावतीबाईंच्या हातावर दुसरं ठेवलं, तोवर ते खरंही होतं.

त्यांनी खिशातून डबी काढून उघडली. आत राजाचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं. प्रभावतीबाईंनी असं नाणं आजवर पुस्तकातच पाहिलं होतं, आणि हे गिरिधररावांना पक्कं ठाऊक होतं.

"हे तुम्हाला. ते मला."

"अन् त्याचं काय करणार?"

"तिजोरीत ठेवीन. कुणाला दाखवणार न्हाई. बाई, एक आहे तोवरच मोल आहे. दोन झाले की चार निघतात, मंग कोण विचारतंय?"

प्रभावतीबाईंची नजर चांदीवरून हलेना. मोह झाला, चांगलाच झाला. मग राग आला, आणि तो आधी स्वतःचाच.

त्या काळी हातोड्याच्या घावानं नाणी पाडत; ठसा मोठा आणि नाणं लहान. घाव जरा तिरका पडला की अक्षरं अर्धीच उमटायची. गिरिधररावांच्या नाण्यावर नुसतं 'सातकर्णी' उमटलं होतं, आणि सातकर्णी तर पैशाला पासरी होऊन गेले. हा त्यांतला कोणता, हे सांगायला त्याच्या आईचं नाव हवं, कारण हे राजे आईचं नाव आधी लावत. ते नाव वाटीखालच्या नाण्यावर उमटलं होतं.

"तुमचा राजा बिनआईचा आहे, गिरिधरराव. त्याची आई इथं आहे. अन् तुम्ही तिला तिजोरीत कोंडायला निघाले?"

"असल्या भावनेनं नाणी जमत न्हाईत, बाई." त्यांचा आवाज बदलला. "रविवारच्या नाण्यांच्या प्रदर्शनाचा अध्यक्ष मी आहे. तुम्ही हे मांडलं तर मी बनावट म्हणीन. शब्द माझाच चालंल."

"बिलकुल म्हणा. पण बनावट ठरवायला तुमचं नाणं शेजारी ठेवावं लागंल. फोटोत बघितलंय मी. दोन्ही हत्तींच्या पाठीवर एकाच जागी चीर आहे. एकाच ठशाची लेकरं आहेत ती; हे बनावट तर तुमचंही बनावट."

गिरिधररावांनी डबी मिटली. चहा तसाच राहिला.

रविवारी ते जालन्याच्या सभागृहात शाल पांघरून मंचावर बसले होते. खाली प्रभावतीबाईंनी आपल्या टेबलावर नाणं मांडलं, शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली आणि फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिलं: 'माढरीपुत, म्हणजे माढरीचा मुलगा. आई या नाण्यावर आहे, मुलगा आपल्या अध्यक्षांच्या नाण्यावर. मायलेकरांची भेट घालून द्या, अशी विनंती त्यांनाच करावी.'

अक्षता नावाच्या कॉलेजच्या मुलीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्या मोकळ्या जागेकडे ती क्षणभर बघत राहिली, आणि सरळ मंचाच्या पायऱ्या चढू लागली.