छबूबाईच्या मांडीवरचा डबा

मी डबा बोलतोय. वनस्पती तुपाचा, पत्र्याचा. मानवतच्या बाजारात माझं तूप संपलं तेव्हा वाटलं, झालो भंगार. पण राणीसावरगावच्या छबूबाईनं मला उचललं, पालथं करून टिचकी मारली आणि म्हणाली, "ह्यो तर बोलतोय की!"

छबूबाई ऊसतोडीला जायची. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे बैलगाड्यांची लांबच लांब रांग. नंबरावरून दोन टोळ्यांचं भांडण झालं की कोयते काढायचे नाहीत, तोंडं काढायची, असा रिवाज. डब्याच्या ठेक्यावर समोरच्याच्या गावाला यमकं जुळवून नावं ठेवायची. ज्याचं तोंड थांबलं त्याची गाडी मागे, आणि डबा जिंकणाऱ्याचा.

छबूबाई मला मांडीवर घेई आणि अशा ओळी सोडी की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. किती हंगाम गेले, मी कधी दुसऱ्याच्या हाती गेलो नाही. तिच्या बोटांनी मला पोचे पडले. त्यांचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग नामांतराचा हंगाम आला. विद्यापीठाच्या नावासाठी माणसं वर्षानुवर्षं झगडली. पोरीचं नाव मात्र मांडवात बदलतं, तिला कुणी विचारतही नाही. छबूबाईची लेक केशर नुकतीच देवगाव फाट्याला दिली होती. रांगेत भांडण जुंपलं ते नेमकं देवगावच्याच टोळीशी. त्यांनी बोलायला केशरला उभी केली. आईचा गुण आला असेल म्हणून.

छबूबाईनं सुरुवात केली:
"देवगावचे कोयते बोथट, ऊस तोडता तुटंना,
बोलायला आले मोठे, तोंड यांचं फुटंना!"

आता केशरनं सावरगावला नावं ठेवायची. आपल्याच माहेराला! पोरीच्या तोंडून शब्द निघेना. मागून सासू बायनाबाई कडाडली, "माहेर दिसलं की वाचा बसली व्हय? नांदायचं आमच्यात हाय, ध्यानात ठिव."

छबूबाईनं ते ऐकलं. मला दोनदा बडवून स्वतःच म्हणाली,
"सावरगावची छबू म्हातारी, तोंडाचं झालं बोळकं..."

मग लेकीकडं बघून, "म्हण की गं पुढं! त्यानं काय गाव जळत न्हाई."

केशर रडतरडत बोलली, "डब्यावानी वाजती नुसती, आतून सारं मोकळं!"

सगळी रांग हसली. छबूबाई गप्प बसली. लोक म्हणाले, म्हातारी थकली. पण मी तिच्या मांडीवर होतो. पुढच्या ओळीचा ठेका तिची बोटं माझ्यावर हळूच धरत होती. तिनं मला लेकीच्या हातात दिलं आणि गाडी मागं वळवली. मला फार वाईट वाटलं.

आता मी केशरच्या घरी ज्वारीच्या पिठाचा डबा आहे. या दिवाळीला छबूबाई आली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. घरात न शिरता तिनं मला ओसरीवरच मागवलं, मांडीवर ओढलं आणि ठेका धरला. केशर चुलीपासून उठून आली, कमरेवर हात ठेवले आणि सावरगावचा असा उद्धार केला की एक ओळ अडली नाही. छबूबाई हसून हसून रडली. मगच तिला पाणी मिळालं.

माझ्या कडांना गंज चढलाय. भंगारवाल्याला द्यायचं तर खुशाल द्या. पण जोवर छबूबाई येतेय, तोवर थांबा.