कपाटातला डोळा

"ताई, हा डोळा गिऱ्हाइकाकडे बघतच नाही, छताकडे बघतो," न्हावी म्हणाला आणि स्वतःच हसला. "दाढीला बसलेला माणूस आरशात माझं तोंड बघतो नि दचकतो. त्यात माझ्या हातात वस्तरा! परवा एक जण साबण लावलेला तसाच उठून गेला."

तिने ड्रॉवर ओढला. रुग्णालयाच्या कृत्रिम डोळ्यांच्या या विभागात तयार डोळ्यांचे तीन कप्पे होते. काळा, तपकिरी, घारा. न्हाव्याचा चांगला डोळा तपकिरी खरा, पण बाहुलीखाली मधाच्या रंगाचा एक ठिपका होता. असला डोळा कप्प्यात कुठून मिळणार?

तीन वर्षांपूर्वी रुग्णालयानेच तिला वर्षभर परदेशी धाडलं होतं, डोळे हाताने घडवायला शिकायला. तिथे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी चार महिने नुसते रंग घोटून घेतले. मग माणूस खिडकीच्या उजेडात समोर बसवायचा आणि त्याच्या डोळ्यातली एकेक रेघ उतरवायची. लाल रेशमाचा धागा सुटा करून पांढऱ्या भागात शिरा बसवायच्या. आणि एक नियम कधी म्हणजे कधी मोडायचा नाही. झालेला डोळा देण्याआधी वरिष्ठाला दाखवायचा, कारण आपली चूक आपल्याला दिसत नसते.

ती परतली तेव्हा विभागाच्या साहेबांनी दारावर 'परदेशी प्रशिक्षित तज्ज्ञ' अशी पाटी ठोकली आणि तिला बसवलं ड्रॉवरपाशी. "एका डोळ्याला दहा दिवस? बाहेरची रांग बघितलीस का?" परतल्यावर पाच वर्षं इथेच काम करायचं, अशी करारावर सही होती, त्यातली तीन अजून उरली होती. तोवर आपला हात सगळं विसरून जाईल, याची तिला फार भीती वाटे. घरी आई म्हणायची, "पंख्याखाली खुर्ची आहे, चार माणसांत मान आहे. आणखी काय हवंय गं तुला?"

"काका, दुपारच्या सुट्टीत येत जाल?" तिने विचारलं. "दहा दिवस. कुणाला सांगू नका."

तो दुकान बंद करून येऊ लागला. खिडकीशी बसून एकेका डोक्याच्या गमती सांगायचा, आणि डबा न उघडता ती रंगवायची. हात विसरला नव्हता. हे कळलं त्या दिवशी तिला रडूच आलं. न्हाव्याची नजर कायम गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, म्हणून तिने बुबुळ किंचित खाली झुकवून बसवलं.

दहाव्या दिवशी तिने डोळा बसवला आणि आरसा पुढे केला. त्याने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, मग आरसा खिडकीच्या उजेडात धरला.

"हा माझाच की हो," शेवटी तो म्हणाला.

"साहेबांना एकदा दाखवते, मग न्या," ती म्हणाली आणि तिने डोळा काढून घेतला. सवयच ती. तेवढंच चुकलं.

साहेबांनी डोळा उजेडात धरून फिरवला. "वा! उद्या पाहणीला पाहुणे येताहेत. काचेच्या कपाटात ठेवू, नमुना म्हणून."

"साहेब, तो त्या काकांच्या मापाचा आहे. दुसऱ्या कुणाला बसायचाही नाही."

"बसवायचाय कुणाला? त्यांना ड्रॉवरमधला दे."

"मग मला दुसरा करू द्या. सुट्टीतच करीन."

"दहा दिवस चोरून हेच चाललं होतं, ते मी पोटात घालतोय. ते रंग नि ब्रशही कपाटातच मांड. शोभा येईल."

किल्ली साहेबांच्या खिशात गेली. तिला साहेबांपेक्षा स्वतःचीच चीड आली. वरिष्ठ कसा असला म्हणजे त्याला दाखवायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

न्हाव्याने दारातून सगळं ऐकलं होतं. त्याने जुना डोळा स्वतःच बसवला. "असू द्या ताई. मी दुकानातला आरसाच उतरवतो. आरशाशिवाय दाढी होत नाही होय?" तो हसला. तिला मान वर करवली नाही.

आता रोज सकाळी ड्रॉवर उघडण्याआधी तिला कपाटाची काच पुसावी लागते. पाहुणे थबकतात, अगदी जिवंत वाटतो म्हणतात, आणि साहेब तिला हाक मारून पुढे उभी करतात. डोळा मात्र कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही. मधाचा ठिपका घेऊन तो किंचित खाली बघत असतो, समोर कुणाचं तरी डोकं असल्यासारखा.