मिरावहिनी ब्रेक दाबते

मिरावहिनीला आरोग्यसेविकेची नोकरी लागली. हे मी सांगितलंच नाही असं समजा. २००४ सालातली सकाळ आहे, आम्ही सेनगावजवळच्या आमच्या तांड्यावर अंगणात आहोत, वहिनीची मुलाखत दुपारी हिंगोलीला आहे, आणि गाडीला ब्रेक नाही.

एसटी होती. ती फाट्यावरून निघून गेली, कारण वहिनीनं हात केला पण हाक मारली नाही. शेजारी सासरे उभे होते. आमच्यात सून सासऱ्यासमोर पदर खाली ओढते आणि तोंड उघडत नाही. सासरे, म्हणजे माझे बापू धर्मसिंग, यांनी हाक मारली असती, पण त्यांच्या तोंडात तंबाखू होती. भाऊ नेमसिंग पुण्याला कंपनीत; त्याला तिथून हाक मारणं जमण्यासारखं नव्हतं.

मग उरली आमची जुनी मोटार. तिच्या मागच्या चाकाचं ब्रेकचं सिलिंडर बापूंनी आदल्या दिवशी स्वतः बदललं होतं. बदललं बराबर, पण नळीत हवा शिरली. पेडल दाबलं की ते कुणाचीच हरकत नसल्यासारखं खाली जायचं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करून हवा बाहेर सोडायची आणि परत आवळायचा. मगच पहिल्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा माघारी येते.

चाकांना दगड लावून बापू गाडीखाली शिरले. माझा पाय प्लास्टरमध्ये होता. मी उभ्या मोटरसायकलवरून पडलो होतो, आणि घरात त्याबद्दल आदरानं बोललं जात नव्हतं. म्हणून माझ्याकडं फक्त बॉनेटखालच्या डबीत ब्रेकचं ऑइल ओतायचं काम. याडी, म्हणजे आमची आई, पेडलला पाय लावेना.

"दसऱ्याला हळदकुंकू वाहिलंय मी गाडीला. आता लाथ मारू का?"

शेवटी वहिनीनं चप्पल काढली, गाडीच्या पाया पडली आणि पेडलवर पाय ठेवला.

"दाब म्हणा तिला," गाडीखालून बापू याडीला म्हणाले.

"दाब म्हणतेत," याडीनं वहिनीला सांगितलं.

"दाबलं," वहिनी पदरात पुटपुटली.

"दाबलं म्हणते. आन् तुमी न्याहारी काहून केली न्हाई?"

"हे ती म्हणते का तू?"

"दोघी."

एवढ्या चर्चेत वहिनीला वाटलं, झालं काम. तिनं पाय उचलला. निप्पल उघडाच होता. ब्रेकनं पोटभर श्वास घेतला.

असंच होत राहिलं. हवा बाहेर जायची, याडीचा निरोप संपेपर्यंत थांबायची आणि परत आत यायची. मग बापूंनी शक्कल काढली: निरोप नको, पेडल दाबलं की हॉर्न द्यायचा. वहिनीनं हॉर्न दिला. शेजारचे वसरामकाका हळदीचं पोतं घेऊन मागच्या सीटवर येऊन बसले.

"काका, उतरा. गाडी कुठं चालली न्हाई," मी म्हणालो.

"हॉर्न दिला ना?"

"ब्रेकसाठी दिला."

"मंग लागू दे ब्रेक. मी बसतो तोवर."

ऊन वर आलं. वहिनी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, तिथं मामाजींच्या वयाचे साहेब असतील, मिशीवाले. माझ्या तोंडून शब्द न्हाई निघायचा. ब्रेक न्हाई झाला तर बरंच हाये."

एवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि याडी आत पळाली. खाली निप्पल उघडा, इकडं वहिनीचा पाय घामानं निसटायला लागलेला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ऑइलच्या बाटलीचं टोपण दातात धरून उभा होतो.

"मामाजी, आवळा! पाय सुटून राहिला माझा!"

खाली पाना फिरल्याचा आवाज आला. याडी दूध टाकून दारात आली.

"कोण बोललं?"

"गाडी," वसरामकाका म्हणाले.

गाडीखाली बापू खाकरले.

"मिराबाई," ते थेट म्हणाले, "पुन्हा दाब."

"दाबलं, मामाजी."

"धर."

"धरलं."

"सोड."

"आधी आवळलं का?"

"आवळलं माय, आवळलं!"

थोड्याच वेळात नळीतून बुडबुड्याशिवाय ऑइल यायला लागलं आणि पेडल पायाखाली घट्ट झालं. याडी तेवढी नाराज होती. तिचं निरोपाचं खातंच बंद पडलं होतं.

आम्ही वेळेत हिंगोलीला पोचलो. साहेबांना खरंच मिशी होती. वहिनीनं त्यांचा पहिला प्रश्न पुरा होऊ दिला नाही, दुसरा त्यांनी जपून विचारला. परत येताना बापू गाडी चालवत होते आणि ती मागच्या सीटवरून बोलत होती. नरसीच्या आसपास बापूंनी मला अर्जाचा मजकूर सांगायला सुरुवात केली, तो असा:

"मा. कार्यकारी अभियंता साहेब, सार्वजनिक बांधकाम विभाग, यांचे सेवेशी. विनंती अर्ज करतो की, अर्जदाराची सून बोलू लागल्याने अर्जदारास प्रत्येक उतारावर ब्रेक दाबण्याच्या सूचना मिळत आहेत. सूचना बरोबर असल्याने त्या नाकारता येत नाहीत. तरी आमच्या तांड्यापासून हिंगोलीपर्यंतचा रस्ता जाताना व येताना, दोन्ही वेळेस चढाचाच करून मिळावा, ही नम्र विनंती."