वरच्या खोलीचं बटण

घरचे जुने व्हिडिओ टीव्हीवर दिसावेत म्हणून मी वरच्या खोलीतला कॉम्प्युटर वायफायवरून टीव्हीला जोडला. खुशीत खाली आलो, तर टीव्ही म्हणतो, कॉम्प्युटर सापडत नाही! वर जावं तर कॉम्प्युटर ठार बंद. सुरू केला, खाली आलो, पुन्हा तेच. चार चकरांत माझं डोकं सणकलं. कॉम्प्युटर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पाचव्या चकरेला बायको मागोमाग वर आली. मी कॉम्प्युटर सुरू केला, दाराशी पोचलो आणि तिने माझा हात पकडला. बोट भिंतीवरच्या, अख्ख्या खोलीची वीज बंद करणाऱ्या बटणावर होतं.

‘खोली सोडली की बटण बंद’ असा घोशा मी लग्नापासून लावलाय. हाताला तेवढंच ठाऊक!

अखेर टीव्हीवर व्हिडिओ लागला. आमची लेक पहिलं पाऊल टाकत होती. तेवढ्यात व्हिडिओतून माझाच आवाज गरजला, “आतला दिवा कोणी चालू ठेवलाय?” लेक दचकून मटकन खाली बसली.

“बघितलंत?” बायको म्हणाली. “तेव्हाही चालू झालेलं तुम्हीच बंद पाडलंत!”