दार उघडायला लागलेला वेळ

आमच्या तीन औषध दुकानांचा आठवड्याचा रिपोर्ट बाबांनी स्वतःच्या डोक्याने बसवलेला. कुठलं औषध किती गेलं, कुठलं संपत आलं, हे सगळ्यांच्याच रिपोर्टात असतं. आमच्यात एक जादा रकाना होता: दार उघडायला लागलेला वेळ. औषध घरपोच देणाऱ्याने बेल वाजवायची, घड्याळ बघायचं, मिनिटं लिहून आणायची. एखाद्या घरी वेळ वाढत गेला की बाबा स्वतः फोन करून चौकशी करायचे. गिऱ्हाइकांना त्याचं कोण कौतुक! मला मात्र ती डोकेदुखी वाटायची. मी तो रकाना सोडूनच रिपोर्ट वाचायचे.

नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हा मी कंबर कसली. कंपनीचा माणूस म्हणाला, "तयार रिपोर्ट घेतलात तर सोमवारपासून सुरू. तुमच्यासाठी वेगळा बनवायचा तर दोन महिने." तयारच घ्यायचा, हे माझं केव्हाच ठरलं होतं. बाबा तीन महिन्यांपासून 'आता तू सांभाळ' म्हणत घरीच होते, म्हणून भांडणाचे मुद्दे कागदावर लिहून मी त्यांना फोन लावला.

"तयारच घे," ते म्हणाले. "तो रकाना काढून टाक."

मी चाटच पडले. याच रकान्यासाठी हा माणूस पाच वर्षं माझ्याशी भांडला होता.

"बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

जिंकल्याचा आनंद दोन दिवस टिकला. शनिवारी जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना, तो रकाना पुसण्याआधी, मी सहज सर्वांत जास्त वेळ लागणारी घरं वर आणली. पहिलंच घर बाबांचं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि त्यांच्या गोळ्याही आमच्याच दुकानातून जातात. आधी एक मिनिट. मग तीन, मग सहा. गेल्या मंगळवारी अकरा.

वीस वर्षं औषधं पोचवणाऱ्या सायकलमामांना मी विचारलं.

"ताई, मालक म्हणाले होते, एकच मिनिट लिहा. पण खोटं लिहायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलंय."

मी तशीच निघाले. बेल वाजवली. आतून "आलो, आलो" ऐकू आलं आणि फरशीवर काहीतरी घासत सरकायला लागलं. मी घड्याळ बघत उभी राहिले. मला रडू आवरेना.

नऊ मिनिटांनी दार उघडलं. बाबा खुर्चीला धरून उभे होते, तीच पुढे सरकवत आले होते.

"गधडे, काढायला सांगितला होता ना तो रकाना?"

"आधी सांगायचं नाही का, बाबा?"

"तू सगळं टाकून इथे येऊन बसली असतीस."

मी त्यांना धरून पलंगावर बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

सोमवारी कंपनीच्या माणसाला कळवलं: रिपोर्ट तयारच द्या, पण एक रकाना आमचा. त्याला दोन महिने लागणार आहेत. तोवर ती मिनिटं मी वहीत हाताने लिहिते. मामा बाबांच्या गोळ्या आता सकाळी सगळ्यांत आधी आणतात. त्या घरापुढे मी शून्य लिहिते, कारण दार मीच उघडते.