बावीस मिलिमीटर

जिन्याची सर्वांत वरची पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा बावीस मिलिमीटरनं उंच होती. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. मुलीनं टेप दोन्ही कडांना लावला, मग मध्ये लावला. आकडा तोच आला, मागच्या खेपेला आला होता तोच. तिनं टेप सोडला, तो खटकन डबीत शिरला.

"कोण गं?" आईनं खोलीतून विचारलं.

"मीच."

गेल्या वर्षी बाबांनी वरच्या मजल्याची फरशी बदलून घेतली होती. जुनी उखडायची तर घरभर धूळ, म्हणून नवी तिच्यावरच चिकटवली. जिन्याला कुणी हात लावला नाही, त्यामुळं वरचा मजला चढला आणि शेवटची पायरी तेवढी उंच झाली. बाबा आर्किटेक्ट, लोकांच्या घरातलं कपाटसुद्धा ते नकाशा काढल्याशिवाय हलू देत नसत. स्वतःच्या घरी मात्र कारागिराला तोंडी सांगून मोकळे झाले. दिव्याखाली अंधार.

त्यानंतर काही दिवसांतच आई उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचं पाऊल जिथं पायरी शोधत होतं तिथं ती नव्हती, एवढंच झालं होतं. पण चक्कर आली असणार, असं बाबा म्हणाले. डॉक्टरांनीही तेच धरलं आणि शेवटी आईसुद्धा तेच सांगू लागली. हाड जुळलं, तरी ती खाली उतरली नाही. चक्करेच्या गोळीनं दिवसभर पेंगुळलेली असायची. भेटायला कुणी आलं की हसून म्हणायची, "माझं डोकं आधीपासूनच फिरलेलं, नाहीतर यांच्याशी लग्न केलं असतं का?" ते लोक गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मुलगी आर्किटेक्चरमध्येच मास्टर्स करत होती आणि दुसऱ्या वर्षासाठी तिला विशेष विषय निवडायचा होता. बाबांच्या ऑफिसात खिडकीजवळचं एक टेबल तिच्यासाठी रिकामं ठेवलेलं होतं. ऑफिसातली कामं आटत चालली होती. मुलगी उंच इमारतींचा विषय घेईल, मग मोठी कामं येतील, या एका आशेवर बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत.

तिला हवा होता तो विषय वेगळा होता: म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, ज्यांना धड चालता येत नाही अशांना वावरता येतील अशी घरं. एकदा जेवताना तिनं त्याचा नुसता उल्लेख केला होता.

"म्हणजे संडासात धरायच्या दांड्या बसवणार?" बाबा म्हणाले होते. "त्याला प्लंबर पुरतो, बाई."

आई हसली. तीही हसली.

हाच विषय का, असं बाबांनी पुढं विचारलं असतं तर तिच्यापाशी खरं उत्तर एकच होतं, आणि ते या पायरीवर होतं. सांगावं तर बाबा मोडतील. न सांगावं तर आई अशीच विझत जाईल. उंच इमारती घेऊन टाकाव्यात, असंही तिनं ठरवून पाहिलं होतं. त्या दिवशी खोलीचं दार लावून ती जमिनीवर बसून राहिली. विभागप्रमुख मॅडमनी तिला दोनदा मुदत वाढवून दिली होती. आज दुपारपर्यंत कळलं नाही तर ज्या विषयात जागा उरली असेल तिथं त्या तिला टाकून देणार होत्या. "तुझं मौन हा काही विषय नाही," त्या म्हणाल्या होत्या.

बाबा पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन जिना चढत आले. वरच्या पायरीपाशी त्यांनी पाऊल जरासं जास्त उचललं. तिनं ते नीट पाहिलं. त्यांच्या पायाला कधीच कळलं होतं. त्यांना कळलं नव्हतं.

"वाटेत काय बसलीस? मॅडमना फोन केलास?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

आतून आईचा आवाज आला, जीभ जड झाल्यासारखा. "आज अर्धीच द्या हो. फार अंधारून येतं."

"डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का? पडायचंय का पुन्हा?"

"बरं, द्या," आई म्हणाली. त्यात वाद नव्हता, कुरकुरही नव्हती. पुन्हा पडण्यापेक्षा हे बरं, असं तिनं मानूनच टाकलं होतं.

मुलीच्या हातातला फोन वाजला. मॅडम होत्या. काय ठरलं, एवढंच त्यांनी विचारलं. बाबा पेला धरून तिच्याकडे पाहत थांबले. उंच इमारती, असं त्यांचे ओठ आवाज न करता म्हणाले.

तिनं दुसरा हात पायरीच्या कडेवर घट्ट ठेवला.

"मॅडम, उंच इमारती नकोत. ज्यांना धड चालता येत नाही त्यांच्या घरांचा विषय मी घेतेय," ती म्हणाली. मग फोन कानापासून जरा दूर धरून, पण बंद न करता, "बाबा, ती गोळी देऊ नका. आईला चक्कर आली नव्हती. आपली ही पायरी चुकली आहे."